पाथर्डी फाट्यावरच्या गच्चीत कॅलेंडुला : बियांपासून मलमाच्या डबीपर्यंत

नाशकात कॅलेंडुला (मलमासाठी वापरतात ते झेंडूसारखं दिसणारं फूल) बियांपासून येतं का, हे मी गेल्या वर्षी सप्टेंबरात जिथे जाईन तिथे विचारत होतो. गंगापूर रोडच्या पुढच्या नर्सऱ्यांत कोणी म्हणे डिसेंबरात तयार रोपं येतील तेव्हा या, कोणी म्हणे आपल्याकडे जमत नाही, आणि बरेच जण सरळ झेंडूचं रोप पुढे करायचे. नीट सगळं क्रमाने सांगणारं मराठीत काही सापडलं नाही म्हणून आता हंगाम संपल्यावर, मे २०२४ मध्ये, बसून लिहितोय. लांबलंय, पण ज्याला करायचंय त्याला उपयोग व्हावा.

आधी कारण सांगतो. मी अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनवर, आहे. ज्यांनी मशीन चालवलंय त्यांना माहिती आहे, फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे चालत नाहीत, मोजा अडकला तर हात जातो. म्हणजे पूर्ण शिफ्ट हात कुलंटमध्ये, म्हणजे कापताना मशीन गार ठेवणाऱ्या पाण्यात, ओले. त्यात नाशिकची थंडी. दिवाळी झाली की माझ्या बोटांच्या पेरांवर चिरा पडायला लागतात, अंगठ्याच्या बाजूला तर कागदाने कापल्यासारख्या, आणि मीठ-लिंबू लागलं की जीव जातो. स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलं हा सततच्या ओलीचा आणि कुलंटचा त्रास आहे, थोड्या दिवसांसाठी मलम दिलं, शिफ्टच्या आधी बॅरिअर क्रीम (कातडीवर संरक्षक थर देणारं) लावा, काम सुटल्यावर साध्या साबणाने धुऊन लगेच काहीतरी स्निग्ध लावा म्हणाले. ते स्निग्ध काय असावं याच्या शोधात कॅलेंडुला सापडलं. होमिओपॅथीच्या दुकानात याचं मदर टिंक्चर (मूळ अर्क) आणि मलम मिळतंच, आमच्या घरात आई पोरांच्या खरचटण्याला तेच लावते. मला वाटलं फूल स्वतः लावून बघू.

आता एक गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट करतो कारण घोळ इथेच होतो. कॅलेंडुला आणि आपला दसऱ्याचा झेंडू ही वेगळी झाडं आहेत. कूळ एकच, सूर्यफुलाचं, पण झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा आणि कॅलेंडुला भूमध्य समुद्राच्या आसपासचं. पान बघितलं की लगेच कळतं. झेंडूचं पान कातरलेलं, चुरगळलं की उग्र वास. कॅलेंडुलाचं पान साधं, लांबट, कुठेही कातर नाही, बोटांना थोडं लवदार आणि चिकट लागतं. मलमासाठी झेंडू वापरू नका. झेंडूच्या अर्कात अशी द्रव्यं असतात की ती लावून उन्हात गेलं तर कातडीला त्रास होऊ शकतो. कॅलेंडुलाचं शास्त्रीय नाव कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस, बी घेताना पाकिटावर हे नाव वाचून घ्या.

गच्चीची परवानगी

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला, बाल्कनीत ऊन सकाळचं जेमतेम तासभर. कॅलेंडुलाला थंडीत पाच-सहा तास तरी ऊन पाहिजे. म्हणजे गच्ची, आणि गच्ची म्हणजे सोसायटी. सेक्रेटरी काकांना तोंडी विचारलं तर म्हणाले, "तोंडी काही नको रे बाबा, अर्ज दे. मागे एकाने कुंड्या ठेवल्या आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल आली, अजून भांडण चालू आहे." म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात किती पिशव्या (कुंडीऐवजी झाडं लावायच्या), कुठे ठेवणार, पाणी कुठून घेणार, हंगाम कधी संपणार सगळं लिहिलं आणि गच्चीचा हाताने काढलेला नकाशा जोडला. तो अर्ज कमिटीच्या मीटिंगची वाट बघत पडून राहिला, मीटिंग गणपतीमुळे पुढे गेली, मग कोरम भरला नाही. माझा जीव वर-खाली, कारण पेरणीची वेळ डोक्यात होती.

शेवटी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंजुरी मिळाली, अटी घालून. १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र की गळती झाली तर खर्च माझा, पिशव्या स्लॅबच्या मधोमध नाही तर कठड्याला लागून, प्रत्येक पिशवीखाली ट्रे, आणि पावसाळ्याआधी गच्ची रिकामी. अटी मला पटल्या. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर ऑगस्टमध्येच अर्ज टाका, आणि अर्जातच ट्रे आणि कठड्याचं लिहून टाका, म्हणजे कमिटीला विचारायला काही उरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

माती आणि बी

आपल्या भागातली काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडतात, आणि ओली असताना वजन एवढं की स्लॅबची काळजी वाटते. मी पोयटा (गाळाची माती), भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत जवळपास सारखं घेतलं, पोयटा जरा जास्त, आणि पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखत भरमसाठ घालायचं नाही, नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात आणि मावा धावत येतो. १२ इंची ग्रो बॅग ३५ रुपयाला एक, अशा १२ घेतल्या. पोयट्याच्या दोन गोण्या १६०, पाच किलोची कोकोपीटची वीट २००, १० किलो गांडूळखत २००, पेंड ६०, ट्रे सगळे मिळून ३६०.

बी पंचवटीत मार्केट यार्डाजवळच्या दुकानांत विचारलं, तिथे सगळा कारभार टोमॅटो, मिरची, कोबीचा. एका दुकानदारांनी मागच्या फळीवरून 'पॅसिफिक ब्युटी' जातीची पाकिटं काढून दिली, ६० रुपयाला एक, दोन घेतली. तिथूनच ४० रुपयाला प्रोट्रे (छोट्या खणांचा रोपांचा ट्रे) घेतला, आपले टोमॅटोवाले रोपं करतात तोच.

बी हातात घेऊन बघण्यासारखं आहे. मी पाकीट ताटलीत ओतलं तर आई म्हणाली, "अरे हे बी आहे का अळ्या?" खरंच तसं दिसतं. एकही दाणा दुसऱ्यासारखा नाही. काही लांब, कोयत्यासारखे वाकलेले आणि पाठीवर काटे, काही होडीच्या आकाराचे फुगीर, काही अगदी छोटे गोल गुंडाळलेले. मला वाटलं भेसळ आहे. पण नाही, एकाच फुलात बाहेरच्या कडेला लांब आणि आत छोटे असे वेगवेगळ्या आकाराचे दाणे तयार होतात, सगळे उगवतात. आकारावरून निवडून फेकू नका.

पेरणी : ऑक्टोबर हीट उतरू द्या

या बियांना दोन गोष्टी लागतात, गारवा आणि अंधार. माती फार तापलेली असेल तर बी रुसून बसतं, आणि वर उघडं पडलं तरी नीट उगवत नाही. ऑक्टोबरात नाशिकची दुपार कशी असते आपल्याला माहिती आहे, गच्चीवर तर अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून दसरा होऊ दिला, कोजागिरीच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, प्रोट्रेत पेरलं. एका खणात एक दाणा, बोटाचं अर्धं पेर खोल, वरून भुसभुशीत मिश्रण, आणि त्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद. ट्रे गच्चीवर नाही, घरात गॅलरीच्या सावलीत ठेवला. पाणी स्प्रेने, धार मारली की दाणा वर येतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून कागद उचलला तर कडेच्या खणांत मातीला तडे गेलेले आणि खालून वाकलेल्या मानेने हिरवं डोकं वर येत होतं. मी बायकोला उठवायला गेलो, ती म्हणाली "अहो पाच वाजलेत," पण उठली आणि बघायला आली. अंकुर दिसले की कागद लगेच काढा आणि ट्रे उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. सगळे दाणे एकदम येत नाहीत, पंधरा दिवसांपर्यंत वाट बघा. शंभरातले साठ-सत्तर आले तरी चांगलं समजायचं.

दिवाळीच्या दिवसांत रोपांना खरी पानं आली. चार-पाच पानांवर पिशवीत हलवायचं ठरवलं होतं आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थोडी हलवलीही, तेवढ्यात २६ नोव्हेंबरचा तो अवकाळी पाऊस. ज्यांची द्राक्षं-कांदे गेले त्यांच्यापुढे माझ्या पिशव्या म्हणजे काहीच नाही, निफाडकडे गारांनी बागा झोडपल्या. माझे मामा दिंडोरीकडे द्राक्षवाले, रात्रभर फोनवर त्यांच्याशीच बोलत होतो. आमच्याकडे नुसता पाऊस आणि वारं होतं, मी आणि शेजारच्या दादांनी भिजत भिजत पिशव्या जिन्यात आणल्या. पिशवीला कान असलेली ग्रो बॅग घ्या हे मी यासाठी सांगतोय, उचलायला सोपं जातं.

पावसानंतर उरलेली रोपं लावली. एका पिशवीत एकच. जमिनीत लावणार असाल तर वीतभराहून जास्त, फूटभर अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. खुडताना हात थरथरतो, एवढं जपलेलं रोप, पण खुडल्यावर बाजूने फांद्या फुटतात आणि फुलं कितीतरी वाढतात.

मावा, भुरी आणि मामा

डिसेंबर म्हणजे नुसती वाट बघणं. पाणी एक दिवसाआड, सकाळी, बोट मातीत घालून बघून. संध्याकाळी पाणी देऊ नका, रात्रभर पानं ओली राहतात, त्यात पहाटेचं दहिवर.

महिना अर्धा झाला नाही तर शेंड्यांवर मावा. हिरवा-काळा, कोवळ्या देठाला दाटून बसलेला, आणि मुंग्यांची ये-जा चालू. मुंग्या दिसल्या की शेंडा उलटा करून बघायचाच, माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात आणि त्याला राखतातही. मी सकाळी पाण्याची जोरात धार मारून मावा पाडायचो, जास्त असेल तर पातळ साबणपाणी, आणि कळ्या धरायच्या आधी संध्याकाळी निंबोळी तेल फवारलं, ११० रुपयांची बाटली. कळ्या आल्यावर तेल बंद, कारण ही फुलं अंगाला लावायची आहेत. मग ढालकिडे आले, लाल पाठीवर काळे ठिपके, आणि त्यांनी बरंच काम केलं. त्यांच्या अळ्या काळ्या-नारिंगी, दिसायला भीतिदायक असतात, मारू नका, माव्याला त्याच जास्त खातात.

जानेवारीत खालच्या पानांवर पांढरी पावडर दिसली. फोटो काढून मामांना पाठवला. लगेच फोन आला, "भाच्या, भुरी आहे ती. आमच्याकडे गंधक मारतात पण तू फुलं औषधाला घेणार ना, मग औषधं नको मारू. खालची पानं काढ, पिशव्या लांब लांब कर, वारा लागू दे." तेच केलं. भुरी पूर्ण गेली नाही पण वर चढली नाही, फुलांना धक्का लागला नाही. काढलेली पानं गच्चीवर ठेवू नका, पिशवीत बांधून टाका.

फुलं

पहिली कळी वर्ष संपता संपता दिसली आणि पहिलं फूल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, संक्रांतीच्या आधी. पेरल्यापासून अडीच महिने धरा. नारिंगी, दुहेरी पाकळ्यांचं, आणि मधोमध गडद. आईने ते पहिलं फूल देवाला वाहिलं. दुसऱ्या-तिसऱ्या झाडाला पिवळी फुलं आली, पाकिटात रंग मिसळलेले असतात. औषधाला जास्त करून गडद नारिंगी फूल घेतात.

फूल संध्याकाळी मिटतं आणि सकाळी ऊन चढलं की उघडतं, ढगाळ दिवशी नीट उघडतही नाही. तोडायची वेळ म्हणजे दव पूर्ण सुकल्यावर, साधारण दहा-अकरा वाजता. सेकंड शिफ्ट असली की मीच तोडायचो, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आई. पाकळ्या नाही, पूर्ण फूल हिरव्या बुडासकट खुडायचं, कारण कामाचा चीक त्या हिरव्या बुडाला जास्त असतो. थोडी फुलं तोडली की अंगठा आणि बोट एकमेकांना चिकटायला लागतात. वास राळेसारखा, जरा कडवट. तो चीक साबणाने जात नाही, आधी तेल चोळायचं मग साबण. माझ्यासाठी ती चांगली खूण होती, बोटं चिकटतायत म्हणजे फुलात दम आहे.

दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहा. फूल झाडावर राहून बी धरायला लागलं की झाड नवीन कळ्या कमी करतं. फेब्रुवारीत ऐन भरात एका वेळेला परात भरून फुलं निघत होती.

वाळवणं मात्र घाईचं काम नाही. उन्हात रंग उडतो, म्हणून सावलीत, सुती कापडावर एकेक फूल सुटं, पंख्याच्या वाऱ्याला. नाशिकची जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी हवा यासाठी फार चांगली. पाकळ्या तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतात आणि वाटतं झालं, पण हिरवं बूड आत ओलं असतं. ते दाबून मोडलं तर कट्कन तुटलं पाहिजे, त्याला आठ-दहा दिवस लागतात. काचेच्या बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज बघा, काचेला आतून वाफ दिसली तर परत पसरा. किलोभर ताजी फुलं वाळून दीडशे ग्रॅमच्या आसपास राहतात, हे मनाची तयारी म्हणून सांगतोय.

वापर : जुना कसा, आमचा कसा

युरोपात हे घरगुती झाड म्हणून शेकडो वर्षांपासून लावतात. किरकोळ जखमा, खरचटणं, उन्हाने लाल झालेली कातडी, यावर तेल किंवा मलम, तोंड आलं किंवा घसा सुजला तर फुलांच्या काढ्याच्या गुळण्या. थंडीत वाळल्या पाकळ्या सूप-रश्श्यात टाकायचे, केशर परवडत नाही त्यांचं हे केशर, लोणी आणि चीजला रंगही याचाच द्यायचे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने कातडीची आणि तोंड-घशाची किरकोळ सूज, लहानसहान जखमा एवढ्यासाठी याचा पारंपरिक वापर मान्य केलाय, आणि तो दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर. फ्रान्समध्ये २००४ साली एक अभ्यास आला होता, स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ बायकांवर, त्यात कॅलेंडुलाचं मलम लावणाऱ्यांना कातडी भाजल्यासारखी होण्याचा जोराचा त्रास दुसऱ्या मलमापेक्षा कमी झाला. ते वाचून मला धीर आला, पण म्हणून कोणी आपल्या मनाने रेडिएशनच्या जागी घरचं मलम लावू नका, डॉक्टरांना विचारा. खोल जखम, पू, डायबिटीस असणाऱ्याच्या पायाची जखम, यांच्या वाट्याला हे न्यायचंच नाही.

आणि आपल्याकडची महत्त्वाची गोष्ट, गाजरगवत. तेही याच कुळातलं. ज्यांना गाजरगवताने अंगावर खाज-पुरळ येतं त्यांना कॅलेंडुलाही सहन न होण्याची शक्यता आहे. कोणीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघा. गरोदरपणात पोटात घेऊ नका.

तेल असं केलं. जानेवारी संपताना पहिली बरणी भरली, पुढे फुलं वाळतील तशी भर घातली. लाकडी घाण्याचं तिळाचं तेल एक लिटर ४२० रुपयांना, त्यात शंभरेक ग्रॅम वाळलेली फुलं थोडी कुस्करून, तेल फुलांच्या दोन बोटं वर राहील एवढं. खोबरेल घेतलं नाही कारण आपल्याकडे थंडीत ते गोठतं. ताजी फुलं तेलात घालू नका, त्यातल्या पाण्याने बुरशी येते. बरणीला ब्राऊन पेपर गुंडाळून खिडकीत ठेवली, रोज हलवायची. पाच-सहा आठवडे. हळूहळू तेल असं सोनेरी-नारिंगी होत गेलं की बायको येता-जाता कागद वर करून बघायची. मार्चच्या मध्यात मलमलच्या कापडातून पिळून गाळलं. फुलं बरंच तेल पिऊन टाकतात, लिटरचं आठशे मिलीपर्यंत हातात आलं.

मलमाला मधमाशीचं मेण, १०० ग्रॅम १५० रुपये, मध विकणाऱ्याकडून. वितळवायचं थेट गॅसवर नाही, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी. १०० मिली तेलाला १५ ग्रॅम मेण हे थंडीला ठीक, पण मार्च-एप्रिलात आपल्याकडे चाळीस अंशांत ते पातळ होतं, म्हणून मी २० ग्रॅम घेतलं. थेंबभर गार ताटलीवर टाकून बघा, हवं तेवढं घट्ट झालं की डब्यांत ओता. टिनच्या डब्या १० रुपयाला एक, १५ घेतल्या, कोरड्याठाक पाहिजेत. यात पाणी नाही म्हणून बाकी काही टिकाऊ घालावं लागत नाही, पण ओलं बोट डबीत घालू नका.

रंगपंचमीला पोरांच्या तोंडाला आणि हाताला आधीच हे तेल चोळून पाठवलं. जुन्या नाशकात रहाडीत (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जुन्या हौदात) उडी मारून आलेल्यांना माहिती आहे तो रंग किती दिवस अंगावर राहतो. तेल लावलेलं असल्याने निदान कातडी कोरडी पडली नाही. स्वयंपाकात आईने पाकळ्या तुपात गरम करून ते तूप शिऱ्यात घातलं, रंग सुंदर आला. नुसत्या पाण्यात रंग तेवढा उतरत नाही, तुपा-तेलात उतरतो. हिरवं बूड खाण्यात घ्यायचं नाही, कडू असतं.

माझ्या हातांचं म्हणाल तर बॅरिअर क्रीम अजून चालू आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं चालू आहे, त्यात शिफ्ट सुटल्यावर आणि झोपताना हे मलम. मार्चपासून नवीन चीर पडलेली नाही. थंडी गेल्याचाही त्यात भाग आहे, हे मला कळतं, पुढच्या डिसेंबरात नीट समजेल. सासूबाईंच्या टाचांना मात्र फरक स्पष्ट दिसला, त्या आता स्वतः डबी मागून घेतात.

विकायचं म्हटलं तर

कंपनीतल्या मित्रांनी डब्या नेल्या आणि म्हणाले पैसे घे, विक. म्हणून चौकशी केली. मलम, क्रीम बनवून विकायचं तर औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्य प्रसाधनांचे २०२० चे नियम लागतात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना काढावा लागतो, अर्ज सीओएस-५ मध्ये, परवाना मिळतो तो सीओएस-८. घराच्या स्वयंपाकघरात करून चालत नाही, राहत्या घराशी जोडलेली नाही अशी वेगळी जागा पाहिजे, देखरेखीला पात्र माणूस पाहिजे. आणि लेबलवर "चिरा बऱ्या होतात" असं लिहिलं की ते सौंदर्य प्रसाधन राहत नाही, औषध होतं, त्याचा परवाना वेगळा. हे नियम मला बरोबर वाटतात, लोक अंगाला लावणार आहेत. मी विकायचा विचार सोडला. घरात आणि जवळच्यांना देतो. वाळलेली फुलं किंवा रोपं विकणं ही वेगळी गोष्ट आहे, ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी त्याची चौकशी करावी.

सगळा खर्च हमीपत्रासकट अडीच हजारांच्या आसपास आला. पिशव्या, ट्रे, माती पुढच्या वर्षी आहेतच.

गुढीपाडव्यापर्यंत झाडांनी माना टाकल्या, ऊन यांना सोसत नाही, पाणी वाढवून उपयोग नाही. मार्चच्या शेवटी प्रत्येक झाडावर दोन-तीन चांगली फुलं तशीच सोडली होती. ती वाळून तपकिरी झाली आणि दाणे हात लावताच सुटायला लागले तेव्हा काढले, आठवडाभर सावलीत ठेवून कागदाच्या पाकिटात भरले, वर रंग आणि महिना लिहिला. प्लॅस्टिकमध्ये भरू नका, दमट होतात. दुहेरी फुलाच्या बियांतून थोडी एकेरीही येतील, चालतं. सेक्रेटरी काकांकडच्या काकूंनी एक पाकीट नेलंय, कंपाउंडच्या भिंतीलगतची पट्टी दसऱ्यानंतर याला द्यायची असं त्यांनी कमिटीत मांडलंय, यावेळी अर्ज त्याच लिहिणार आहेत.